अहो, तुमचं कॉर्टिसॉल किती?

कुणाला सांगू नका, पण आमच्या सोसायटीत हल्ली सोन्याचा भाव विचारणं मागासलेपणाचं धरतात. जावयाचं पॅकेज विचारणं तर त्याहून जुनाट. लिफ्टचं दार बंद झालं की हलक्या आवाजात एकच चौकशी होते, 'काय हो, तुमचं कॉर्टिसॉल किती?' आणि समोरचा माणूस, लाज नाही, संकोच नाही, सरळ मनगट पुढे करतो. मनगटावर काळं चौकोनी घड्याळ, घड्याळात नारिंगी कंस, कंसाच्या पोटात आकडा. ७२! अगं बाई, ७२? आणि अशा अवस्थेत तुम्ही गवार आणायला निघालात?

पूर्वी या गोष्टी झाकायच्या असत. घरात कुणाला झोपेची गोळी चालू असली तर तिचं रिकामं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, रात्री, दुसऱ्याच इमारतीच्या कचराकुंडीत पडायचं. शेजारणीने विचारलंच तर 'पित्ताचं आहे' म्हणून सांगायचं. पित्ताने या महाराष्ट्राची फार अब्रू राखली. सासू टोचून बोलली, पित्त उसळलं. मुलाला दहावीला कमी पडले, पित्त. दिराने वाटणी मागितली, तर घरभर पित्त आणि सगळ्यांना आल्या-लिंबाचं पाचक. मन नावाचा अवयव कुणालाच नव्हता. जे काही दुखायचं ते छातीच्या खाली आणि बेंबीच्या वर. आणि आता बघा! भाजीच्या पिशव्या हातात घेतलेल्या बायका भर फाटकात उभ्या राहून आपापल्या मज्जासंस्थेबद्दल बोलतात. 'माझी नर्व्हस सिस्टीम फारच डिसरेग्युलेट झालीये,' असं परवा एक जण कळवळून म्हणाली. वॉचमन भला माणूस. त्याने तिला इलेक्ट्रिशियनचा नंबर दिला.

आता जरा दार लोटून घ्या, कारण पुढचं ऐकलं तर पहिल्या मजल्यावरच्या वहिनी माझ्याशी बोलणं टाकतील. ते घड्याळ कॉर्टिसॉल मोजतच नाही! कॉर्टिसॉल मोजायचं तर रक्त, लाळ किंवा लघवी द्यावी लागते, तीही प्रयोगशाळेत. घड्याळाच्या पोटात असतो हिरवा दिवा. त्याचा उजेड कातडीखालच्या रक्तावर पडतो आणि परत आलेल्या उजेडावरून नाडीचे ठोके मोजले जातात. दोन ठोक्यांमधलं अंतर नेहमी थोडं कमी-जास्त होतं, आणि ते तसं होणंच चांगलं. अंतर फार एकसारखं होऊ लागलं की घड्याळ अंदाज बांधतं, बाई ताणात दिसते. त्या बिचाऱ्याला काय कळणार, बाई जिना चढून आल्यात, की दुसरी कॉफी झालीये, की भाचीच्या हळदीत डीजेसमोर नाचतायत? वहिनींच्या बाबतीत नेमकं तेच झालं. नाच रंगात आलेला, आणि मनगट थरथरलं. आपण तणावात आहात, एक मिनिट शांत श्वास घ्या. वहिनी आज्ञाधारक. नाच सोडून मंडपाच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर डोळे मिटून बसल्या. वरमाईला वाटलं, मानपानावरून रुसल्या. झालं! दोन घरांत अजून बोलचाल नाही, आणि त्याचा ताण मात्र खराखुरा.

बरं, या कॉर्टिसॉलने असं काय घोडं मारलंय? मूत्रपिंडांच्या माथ्यावर ज्या छोट्या ग्रंथी बसलेल्या असतात, त्या हे तयार करतात. पहाटे ते चढू लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात त्याची कमाल होते, आणि मग दिवसभर उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. म्हणजे सकाळी ते वाढलेलं असणं हा आजार नव्हे. त्याच्याचमुळे आपण अंथरुणातून उठून दूध तापवायला जातो. पण बी विंगच्या योगा टीचरचा निर्धार असा की कॉर्टिसॉल शून्यावर आणायचं. आणा बाई. ज्यांच्या अंगात ते खरंच फार कमी बनतं, त्यांच्या आजाराला अॅडिसनचा आजार म्हणतात. त्यांना रोज गोळी घ्यावी लागते आणि ती चुकली तर जिवावर बेततं. आणि ज्यांच्या अंगात ते खरोखर बेसुमार वाढतं त्यांचा कुशिंगचा आजार. चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटतं, पोटावर जांभळट पट्टे उमटतात. तो आजार दुर्मीळ. आपल्याकडे असा गोल चेहरा दिसला तर आधी विचारायचं ते हे की सांधेदुखीवर कुणी वैदूची बिननावाची पुडी तर चालू नाही ना, कारण त्यात स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं, अशी उदाहरणं डॉक्टरांच्या रोजच्या बघण्यातली. पण हल्ली मोबाइलवर पाहून ज्याला त्याला 'कॉर्टिसॉल फेस' झालेला असतो. सी विंगमधल्या कॉलेजकन्येने आपल्या आईलाच सांगितलं, 'मम्मा, तुझं तोंड कॉर्टिसॉलने सुजलंय.' आई काय म्हणाली, ते छापता येणार नाही.

उपायांचं तर विचारू नका. संत्र्याचा रस, शहाळ्याचं पाणी आणि चिमूटभर मीठ, याला म्हणे कॉर्टिसॉल कॉकटेल म्हणायचं. आमच्याकडे याला पाहुण्यांचं सरबत म्हणत आणि ते पिऊन कुणाच्या ग्रंथी सुधारल्याचं ऐकिवात नाही. कुणी सकाळी बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवतं. कुणी अश्वगंधाच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खातं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, एवढंही कुणी सांगत नाही. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका वेगस नर्व्ह जागी करण्यासाठी पहाटे साडेपाचला गॅलरीत हुंकार देतात. त्यांची नर्व्ह जागी होते की नाही ते देव जाणे, पण बाकी अख्खी इमारत होते.

हसण्यावारी नेताय? हसण्याचीही भानगड आहेच. १३ मार्च १९९५ ला अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब भरवला. आधी विनोद सांगून हसायचं होतं. थोड्याच दिवसांत विनोद संपले, आणि जे उरले ते बायकांसमोर सांगण्यासारखे नव्हते, तक्रारी आल्या. मग डॉक्टरांनी ठरवलं, विनोदच नको, नुसतं हसायचं. खोटं हसलं तरी शरीराला म्हणे चालतं. आणि हे लोण अंधेरीहून निघून जगभर पोचलं. अमेरिका आपल्याला ताण विकते, आणि आपण तिला बिनकारणाचं हसू. व्यापार म्हणून वाईट नाही.

आता जे सांगते ते मात्र कानावर हात ठेवून ऐका. हा ताण मुळात आणला कुणी? हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने. कॅनडात, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हे गृहस्थ उंदरांना सुया टोचत होते. एखादं नवं संप्रेरक सापडेल ही आशा. सापडलं भलतंच. काहीही टोचा, थंडीत ठेवा, पळवून पळवून दमवा, उंदराच्या अंगात तीच तीन लक्षणं: मूत्रपिंडांवरच्या त्याच अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, आणि पोटात व्रण. १९३६ साली 'नेचर'मध्ये त्यांनी हे छापलं, आणि पुढे या सगळ्याला 'स्ट्रेस' म्हणू लागले. मोठंच काम. त्यात खोट नाही. पण पुढचं ऐका. सिगारेट कंपन्यांचे आतले कागद कोर्टकचेऱ्यांमुळे बाहेर आले, तेव्हा दिसलं की सेल्येंच्या संशोधनाला तंबाखूवाल्यांचा पैसा येत होता. १९६९ मध्ये कॅनडाच्या संसदेच्या समितीपुढे जाऊन या ताणमहर्षींनी सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी घालायला विरोध केला होता! म्हणजे हृदयविकार कशाने होतो? ताणाने. ताण कशाने हलका होतो? अहो, एक झुरका मारा ना.

आणि हे एकटे नव्हेत. सॅन फ्रान्सिस्कोत फ्रीडमन आणि रोझेनमन हे दोन हृदयविकारतज्ज्ञ. त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या दुरुस्त करायला आलेला कारागीर म्हणाला, तुमच्या खुर्च्या अशा कशा झिजतात, फक्त पुढच्या कडेला? रोगी मागे टेकून बसतच नव्हते. कधी नाव पुकारतात म्हणून काठावर टपून. त्या दोघांनी १९५९ मध्ये 'टाइप ए' माणूस जगापुढे आणला: घाईवाला, चढाओढ करणारा, घड्याळाशी भांडणारा. तीन हजारांवर पुरुषांवर नजर ठेवली तेव्हा असल्यांना हृदयविकार दुप्पट दिसला. मग या संशोधनात फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी उतरली, पैसे घेऊन. आणि १९८८ मध्ये त्याच पुरुषांची पुन्हा मोजदाद झाली तर काय निघावं? ज्यांना एकदा हृदयविकार होऊन गेला होता, त्यांच्यात टाइप ए वालेच जास्त टिकले! आता जाणकार म्हणतात की घाई नव्हे, खुनशीपणा वाईट. सतत धुमसणं, दुसऱ्यावर दात खाणं. आमच्या सेक्रेटरींनी यातलं फक्त पहिलं वाचलंय. ते सगळीकडे सांगत सुटलेत, 'मी टाइप ए आहे.' जणू काही एमपीएससीत वर्ग एकला लागलेत. मेन्टेनन्स थकवणाऱ्यांची नावं फलकावर लाल शाईने लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, त्याला कोणत्या टाइपात घालायचं ते फ्रीडमन-रोझेनमननी सांगितलेलं नाही.

गेल्या भिशीत तर कहर झाला. तंबोला रद्द. त्याऐवजी एका वहिनींनी यादी वाटली. होम्स आणि राहे या दोघांनी सिएटलला १९६७ मध्ये केलेली. आयुष्यातल्या ४३ घटना आणि प्रत्येकीला गुण. जोडीदाराचा मृत्यू १००. घटस्फोट ७३. तुरुंगवास ६३. लग्न ५०. नोकरी जाणं ४७. निवृत्ती ४५, आणि नवरा-बायकोचं भांडण मिटून पुन्हा एकत्र येणं, तेही ४५! इथपर्यंत सगळ्या गंभीर होत्या. मग आलं, सासरच्यांशी कटकट: २९. बस्स, २९? ओट्यापासून गॅलरीपर्यंत नुसता गलका. 'या होम्सला सासू होती की नव्हती?' 'मोठं यश मिळालं तर २८ आणि सासरचे २९? एका गुणाचा फरक?' त्यात सुट्टीवर जाणं १३ आणि नाताळ १२. मग दिवाळीचे किती धरायचे, यावर साबुदाणावडे गार होईपर्यंत वाद. चकल्या विकतच्या असतील तर १५ आणि घरी केल्या तर ४०, अशी तडजोड निघाली. वर्षाची बेरीज ३०० च्या पुढे गेली की आजाराचा धोका जास्त, असं यादी म्हणते. एकीची ३१२ भरली. तिने पेढे वाटले. बाकीच्या हिरमुसून घरी गेल्या; आपल्या आयुष्यात काहीच घडत नाही, याचं वाईट वाटून. आता राहे यांनी पुढे अमेरिकी नौदलाच्या खलाशांवर ती यादी तपासली तेव्हा आजाराशी संबंध निघाला खरा, पण पुसटसाच, हे मी तिथे बोलले नाही. पेढे चांगले होते.

ताणाच्या नावावर काय काय खपलं त्याची ही एक गंमत. पोटातला व्रण म्हटलं की ताण, तिखट आणि बायकोची बोलणी, असं डॉक्टरसुद्धा छातीठोकपणे सांगत. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल म्हणाले, नाही हो, जंतू आहे. कुणी ऐकेना. तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनी त्या जंतूंचं कालवण स्वतःच पिऊन टाकलं, घरी न सांगता! काही दिवसांत ओकाऱ्या, तोंडाला वास, आणि दुर्बीण घालून पाहिलं तर जठराला सूज. २००५ मध्ये दोघांना नोबेल. इतकी वर्षं ज्या बायकांनी 'माझ्या बोलण्याने ह्यांना अल्सर झाला' म्हणून मनाला लावून घेतलं, त्यांची माफी कुणी मागितली? कुणीही नाही.

तर मग सगळं थोतांडच का? इथेच तर खरी मेख आहे. नाही ना थोतांड! घड्याळ खोटं असेल, सरबत खोटं असेल, पण मनातलं अंगावर उतरतं हे खरं निघालंय, आणि ज्या पद्धतीने ते सिद्ध केलंय ती ऐकून सभ्य माणसाला घाम फुटेल. शेल्डन कोहेन यांनी १९९१ मध्ये छापलेला प्रयोग घ्या. इंग्लंडात सॉल्सबरीजवळ सर्दीच्या अभ्यासाचं केंद्र होतं. तिथे धडधाकट माणसं राहायला बोलवायची, किती ताणात आहेत ते विचारून घ्यायचं, आणि नाकात चक्क सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडायचे! ३९४ जणांच्या नाकात सोडले. सगळ्यात कमी ताणवाल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना सर्दी झाली; सगळ्यात जास्त ताणवाल्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना. विषाणू तेच, थेंब तेवढेच. आमची आजी हेच म्हणायची की मन खचलं की अंगात बारीकसारीक शिरतं. तिने फक्त कुणाच्या नाकात काही सोडलं नाही.

आणि ओहायोतलं ते जोडपं, जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि रोनाल्ड ग्लेझर. या दोघांनी मिळून दुसऱ्यांच्या संसारात जे डोकावलंय, ते पाहून आमच्या तळमजल्यावरच्या काकूही खाली मान घालतील. २००५ मध्ये त्यांनी ४२ नवरा-बायकोंना दवाखान्यात ठेवून घेतलं, त्यांच्या हातावर बारीक फोड उठवले आणि त्यांना गप्पा मारायला बसवलं. एका मुक्कामात गोडीगुलाबीच्या, दुसऱ्या मुक्कामात मुद्दाम ठेवणीतल्या भांडणाच्या. जी जोडपी एकमेकांवर फार गुरगुरत होती, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग बाकीच्यांच्या ६० टक्केच! म्हणजे आता कुणाचं बोट कापलेलं लवकर बरं होत नसेल तर बँडेजकडे नव्हे, आतल्या खोलीकडे बघायचं. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत. यादी तोंडपाठ आहे माझी, पण मी बोलणार नाही.

याच बाईंचा त्याआधीचा, १९९५ चा प्रयोग मात्र खमंग म्हणून सांगता येत नाही. घरातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं रात्रंदिवस करणाऱ्या १३ बायका आणि त्यांच्याच वयाच्या, तो भार नसलेल्या १३. सगळ्यांच्या हातावर बारीकशी जखम. ज्यांच्यावर भार नव्हता त्यांची सरासरी ३९ दिवसांत भरली. करणाऱ्या बायकांच्या जखमेला भरायला सरासरी ४८ दिवसांच्या वर लागले. आमच्या तिसऱ्या मजल्यावर अशी एक सून आहे. सासूबाई तिला कधी आई म्हणतात, कधी चोर. भिशीत तिचं नाव आहे, पण ती येते ती पैसे देऊन दारातूनच परत जाते. लिफ्टमध्ये तिला कुणी कॉर्टिसॉल विचारत नाही. तिच्या हातात घड्याळ नाही. काढून ठेवलं, सासूबाईंना अंघोळ घालताना भिजतं म्हणून. पेढे वाटणारीचा फ्लॅट तिच्या बरोबर समोरचा. तिथे रोज सायंकाळी चंदनाची उदबत्ती लावून, मंद दिव्यात, 'स्वतःसाठी वेळ' घेतला जातो आणि उदबत्तीच्या धुराने सासूबाईंना ठसका लागतो.

आणखी एक अप्रिय बातमी, चेअरमन साहेबांसाठी. ते म्हणतात, जबाबदारी जेवढी मोठी तेवढा ताण मोठा, शिपायाला काय ताण? लंडनच्या सरकारी कचेऱ्यांमध्ये १९६७ पासून सुमारे १८ हजार पुरुष नोकरदारांवर नजर ठेवून होते. साहेब हृदयविकाराने मरायला हवे होते ना? उलटं झालं. सगळ्यात खालच्या पायरीवरचे लोक सगळ्यात वरच्यांच्या तिपटीहून जास्त हृदयविकाराने गेले. सिगारेट, रक्तदाब वगैरे सगळं वजा करून पाहिलं, तरी मोठा फरक उरलाच. मायकेल मार्मट आणि मंडळींनी पुढच्या अभ्यासात जे कारण पुढे आणलं ते असं की काम खूप असणं एक वेळ परवडतं, पण आपल्या कामावर आपला काहीच ताबा नसणं परवडत नाही. आमचा वॉचमन बारा तास फाटकात. चहाला कधी जायचं हेसुद्धा सेक्रेटरी ठरवणार, आणि जाऊन आला तर कॅमेऱ्यात बघून दुपारी विचारणार. त्याला लकवा मारला, म्हणजे तोंड वाकडं झालं, तेव्हा सोसायटीत सगळे म्हणाले, 'तंबाखू खायचा ना!' खायचा. पण बघा हं, आपलं वजन वाढलं तर कॉर्टिसॉल, आणि त्याचं तोंड वाकडं झालं तर व्यसन.

मला विचाराल तर कॉर्टिसॉल म्हणजे नवं पित्तच. पूर्वी मुलगा फोन करत नाही हे सांगायला लाज वाटायची म्हणून छातीत जळजळ सांगायचो; आता मनगट दाखवतो. मुलाचं नाव तेव्हाही निघत नव्हतं, आताही निघत नाही.

दहा हजार पावलांचंही असंच. १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि हा गोलमटोल आकडा त्याच्या नावातच घातला. कुठल्या अभ्यासातून आलेला नव्हता. २०१९ मध्ये सोळा हजारांवर वयस्क अमेरिकन बायकांचा अभ्यास आला. रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यासुद्धा २,७०० वाल्यांपेक्षा बऱ्याच जास्त टिकल्या, आणि ७,५०० च्या पुढे फारसा जादा लाभ दिसला नाही. पण पावणेबारा वाजता पार्किंगमध्ये बघा. नाइटगाउनवर स्पोर्ट्स शूज घालून तीन वहिनी आणि एक डॉक्टर गाड्यांच्या मधून गोल गोल फिरतायत, कारण बारा वाजायच्या आत साडेआठशे पावलं बाकी आहेत. मग झोपायला एक. मग सकाळी घड्याळ म्हणणार, झोप ५४ गुण, आपण थकलेले आहात. आणि ही बाई, जी उठताना ठणठणीत होती, ती लगेच थकते. झोपेचे गुण बघून बघून झोप उडालेले रोगी डॉक्टरांकडे येऊ लागले, तेव्हा २०१७ मध्ये त्यालाही 'ऑर्थोसोम्निया' असं नाव द्यावं लागलं.

घाबरण्याचासुद्धा प्रताप असतो बरं का. अमेरिकेत जवळजवळ २९ हजार लोकांना विचारलं होतं, तुम्हाला ताण किती, आणि त्याने तब्येत बिघडते असं वाटतं का? आठ वर्षांनी पाहिलं तर ज्यांना ताण खूप होता आणि तो आपल्याला खातोय असा ठाम विश्वासही होता, त्यांच्यात अकाली मरण्याचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त. २०१२ ची गोष्ट. आता आधीच आजारी असलेला माणूस तसं म्हणणारच, त्यामुळे विश्वासानेच मारलं असं काही सिद्ध होत नाही. पण हे मी बी विंगच्या योगा टीचरला सांगितलं, आणि तिला त्याचा ताण आला.

हे श्वासाचं आणि मोजमापाचं सगळं आपल्याला नवं आहे, अशातलाही भाग नाही. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं, आणि आसनं-प्राणायाम करताना अंगात नेमकं काय होतं ते यंत्रं लावून मोजलं, छापलं. १९२७ मध्ये गांधीजींचा रक्तदाब चढला तेव्हा त्यांनीही याच स्वामींचा सल्ला घेतला होता. पण ते आपलं घरचं, फुकटचं. त्याला ना नारिंगी कंस ना मासिक हप्ता. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी मागच्या महिन्यात त्याच श्वासाचं अॅप घेतलंय, डॉलरमध्ये, आणि त्यातली गोरी बाई त्यांना 'प्रानायामा' शिकवते.

एक शेवटची खबर देऊन जाते, भाजी करपायला लागलीये. एलिया क्रम आणि एलन लँगर या दोघींनी २००७ मध्ये सात हॉटेलांतल्या ८४ सफाई करणाऱ्या बायकांवर केलेला प्रयोग वहिनींच्या वाचनात आला. निम्म्या बायकांना सांगितलं की चादरी बदलणं, फरशी पुसणं हाच उत्तम व्यायाम आहे. बाकीच्यांना सांगितलं नाही. चार आठवड्यांनी, ज्यांना सांगितलं होतं त्यांचं वजन थोडं उतरलं, वरचा रक्तदाब सुमारे दहा अंकांनी खाली आला. काम तेवढंच! सगळ्याच संशोधकांना हे पटलेलं नाही, पण वहिनींना पटलं. त्यांनी धुणं-भांडी करणाऱ्या मावशींना समोर बसवलं, चहा दिला, आणि समजावलं की मावशी, तुम्ही जे करता ना, त्याच्यासाठी आम्ही जिमला महिन्याला तीन हजार भरतो. तुम्ही मनात आणा, हा व्यायाम आहे, बघा कसं बरं वाटेल.

मावशींनी चहा संपवला. कप ओट्यावर ठेवला, धुतला नाही.

'एवढं चांगलं असतंय तर ताई, भांडी तुम्हीच घासत चला की. जिमचे तीन हजार मला द्या. मी बसते तवर.'